पुण्यातील एका प्रवाळ-टाकीचा उन्हाळा

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिम भागातील एका इमारतीच्या शेवटच्या मजल्यावरील घरगुती प्रवाळ-टाकीचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे पाळण्याच्या काचेच्या टाकीचे, आहे. टाकीची सारी देखभाल घरातील बाई स्वतः करतात. त्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि नोंदी ठेवण्याची त्यांना सवय आहे, म्हणूनच ते इतक्या तपशिलाने मांडता येते. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्यांच्या टाकीतील समुद्रफूल (सी ॲनिमोन हा प्राणी) फिके पडू लागले, त्यावर त्यांनी जो उपाय केला त्याने ते आणखी पांढरे झाले, आणि त्यानंतर त्यांनी मला टाकी पाहायला बोलावले. पाण्याचे तापमान ही एक बाब आणि प्रकाश ही दुसरी, अशी विभागणी करून टाकी सांभाळण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. समुद्रातील प्राण्याच्या शरीरात मात्र या दोहोंचा हिशेब एकाच ठिकाणी लागतो, आणि येथे नुकसान झाले ते दोन्ही एकदम वाढल्यामुळे.

टाकी आणि तिची साधने

टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ५० उंच असून तिच्या खालच्या कपाटात संप-टाकी, म्हणजे साधने ठेवण्याची जोडटाकी, आहे. खडक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा केली तर दोन्ही टाक्यांत मिळून सुमारे २५० लिटर खारे पाणी फिरते. खडक कृत्रिम आहेत. दगडी प्रवाळ एकही नाही, आणि ते योग्यच आहे, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. आपल्या समुद्रातून काढलेला दगडी प्रवाळाचा तुकडा दिवाणखान्यात ठेवणे हा वाघाच्या कातड्याइतकाच गंभीर गुन्हा ठरू शकतो, हे अनेक छंदी मंडळींना आजही ठाऊक नसते. या टाकीत बबल टिप जातीचे एक समुद्रफूल, टॉडस्टूल लेदर हा मऊ प्रवाळ, वेगवेगळ्या उंचीवर बसवलेले मशरूम प्रवाळ, झोअँथिड या प्रवाळांसारख्या छोट्या प्राण्यांच्या तीन वसाहती आणि झेनिया या सतत हलणाऱ्या मऊ प्रवाळाचा एक झुपका होता. सोबत क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, एक क्लीनर कोळंबी आणि काही गोगलगायी होत्या.

साधनांपैकी संपमधले पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप ५५ वॉटचा, टाकीत प्रवाह निर्माण करणारे दोन वेव्हमेकर प्रत्येकी १० वॉटचे आणि फेसातून घाण काढणाऱ्या प्रोटीन स्किमरचा पंप २० वॉटचा होता. हिवाळ्यात पुण्याचे रात्रीचे तापमान १०-१२ अंशांपर्यंत उतरते, म्हणून २०० वॉटचा हीटर बसवलेला होता. प्रत्येकी १२० वॉटचे दोन एलईडी दिवे लाकडी झाकणाच्या आत, पाण्यापासून वीतभर उंचीवर लावलेले होते. पाणी उडू नये आणि भिंतीवर मिठाचे थर बसू नयेत म्हणून टाकीच्या तोंडावर काचेच्या पट्ट्या ठेवलेल्या होत्या.

पाण्यात बुडालेला पंप जितकी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन त्याच पाण्यात राहते. अडीचशे लिटर समुद्रजल एक अंशाने तापवायला साधारण २८५ वॉट-तास ऊर्जा लागते. म्हणजे हीटर बंद आणि दिवे विझलेले असतानाही ९५ वॉटचे हे पंप, उष्णता बाहेर जायला कुठेच वाट नसेल तर, दिवसाकाठी पाण्याचे तापमान सुमारे आठ अंशांनी वाढवतील. प्रत्यक्षात ते तसे वाढत नाही, कारण काचेतून आणि पृष्ठभागावरून उष्णता सतत बाहेर पडत असते. उन्हाळ्यात खोलीच पाण्यापेक्षा गरम झाली की काचेची वाट उलटी होते, आणि मग उष्णता बाहेर जाण्याचा बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. या टाकीत तोच मार्ग काचेच्या पट्ट्यांनी अडवला होता.

काय घडले

नवे दिवे फेब्रुवारीत आले. बाईंनी ते अर्ध्या क्षमतेवर, दिवसाला आठ तास चालवले आणि मार्च अखेरपर्यंत टाकीची प्रकृती उत्तम होती. तापमानाची नोंद त्या रोज सकाळी सात वाजता, मासे पाहताना घेत. ती एप्रिलमध्येही २७ अंशांच्या आसपासच दिसत राहिली, त्यामुळे उष्णतेची शंका त्यांना आलीच नाही. समुद्रफुलाचा तपकिरी रंग विरळ होऊ लागला तेव्हा त्यांनी केलेला तर्क असा होता की, हा प्राणी आपल्या ऊतींतील शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणावर जगतो, तो फिका पडला म्हणजे त्याला प्रकाश कमी पडत असावा. हा तर्क अडाणीपणाचा मुळीच नव्हता. पुष्कळ अनुभवी मंडळीही तोच करतात. त्यानुसार दिवे ९० टक्क्यांवर गेले आणि प्रकाशाचा कालावधी बारा तासांचा झाला.

आठवडाही उलटला नाही तोच टॉडस्टूल मिटला, खडकाच्या माथ्यावरचे मशरूम आक्रसले, झेनियाचे हलणे थांबले, आणि समुद्रफुलाने आपली नेहमीची जागा सोडून खडकाच्या कपारीखाली सावलीत आश्रय घेतला. एका संध्याकाळी पाणी हाताला कोमट लागले. तेव्हापासून बाई रोज गोठवलेल्या बाटल्या संपमध्ये सोडू लागल्या.

तपासणी

पहिली शंका मी तापमापकावरच घेतली. शुद्ध पाण्याचा बर्फ कुटून त्यात थोडे पाणी घालून ढवळले की ते मिश्रण शून्य अंशावर स्थिर राहते. त्यात बाईंचा तापमापक शून्याखाली ०.८ अंश दाखवू लागला. शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापकाशी २८ अंशांच्या पाण्यात ताडून पाहिला, तरी फरक तितकाच निघाला. म्हणजे सकाळचे २७ प्रत्यक्षात २७.८ होते. त्यानंतर कमाल-किमान नोंद ठेवणारे उपकरण लावून काही दिवस दर दोन तासांनी आकडे टिपले. पाणी सर्वांत थंड पहाटे सहाच्या सुमारास, २७.८ अंश, आणि सर्वांत गरम रात्री आठ ते नऊच्या दरम्यान, ३१.२ अंश असे. बाहेरचे ऊन दुपारी तीनला शिगेला पोहोचते, पण शेवटच्या मजल्याचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत ती उष्णता रात्रीपर्यंत घरात सोडत राहतात, आणि अडीचशे लिटर पाणी त्याहूनही सावकाश तापते. सकाळी सातची एकच नोंद घेणाऱ्या माणसाला या टाकीतला उन्हाळा कधीच दिसला नसता.

पहाटेचा आकडा २७.८ च्या खाली का उतरत नाही, याचे उत्तर संपमध्ये मिळाले. जानेवारीत २८ अंशांवर लावलेला हीटर तसाच जोडलेला होता. दिवसभर तापलेले पाणी पहाटेच्या गारव्यात जरा कुठे निवू लागले की हीटर चालू होई आणि रात्रीचा सगळा दिलासा हिरावून घेई.

प्रकाशाच्या मोजणीसाठी प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी किरणे मोजणारा पाण्यात बुडवता येणारा मीटर भाड्याने आणला. त्याचे एकक दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल, असे असते, आणि छंदी लोक त्या मापाला नुसते पार म्हणतात. खडकाच्या माथ्यावर ३२०, मधल्या पायरीवर १८० आणि कपारीखाली ४५ असे आकडे आले. मशरूम प्रवाळांना साधारण ५० ते १०० आणि झोअँथिडना ८० ते १५० पुरतात. नुसत्या तीव्रतेपेक्षा दिवसभरातली एकूण मात्रा अधिक महत्त्वाची असते. तीव्रता ५० वरून ९० टक्के झाली, म्हणजे १.८ पट, कालावधी ८ वरून १२ तास झाला, म्हणजे दीड पट. दोन्ही मिळून प्राण्यांना मिळणारा रोजचा प्रकाश एका रात्रीत २.७ पट झाला होता.

इतकी मोठी वाढ बाईंच्या लक्षात आली नाही, याला मानवी डोळा कारणीभूत आहे. त्यांनी पांढऱ्या दिव्यांचा वाटा कमी करून निळ्याचा वाढवला होता. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, आणि ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्याच्या तुलनेत सुमारे ४ टक्केच परिणामकारक वाटतो. शैवालाला मात्र हा निळा प्रकाश फार चांगला वापरता येतो. त्यामुळे निळसर, मंद, संध्याकाळसारखी भासणारी टाकी प्रवाळांच्या दृष्टीने भर दुपारची असू शकते. मोबाइलमधील लक्स मोजणारी ॲप याच कारणाने प्रवाळ-टाकीत निरुपयोगी ठरतात, कारण लक्स हे मापच मानवी डोळ्याच्या प्रतिसादावर बेतलेले आहे.

इतर कारणेही तपासली. अमोनिया नव्हता, नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०५ आणि अल्कता ८ डीकेएच (अल्कता मोजण्याचे एकक) होती, म्हणजे उपासमारीचा वा विषबाधेचा प्रश्न नव्हता. क्षारता (विशिष्ट गुरुत्वाच्या मापात) १.०२७ वर गेलेली आढळली, ती नेहमीच्या १.०२५-१.०२६ पेक्षा किंचित अधिक, पण समुद्रफूल पांढरे पडावे इतकी नव्हे.

निर्णायक पुरावा मशरूम प्रवाळांनी दिला. खडकाच्या माथ्यावरचे मशरूम जवळजवळ पारदर्शक झाले होते, मधल्या पायरीवरचे फिके होते, आणि कपारीखालचे, त्याच वंशाचे, बाईंनी स्वतः कापून लावलेले तुकडे पूर्वीइतकेच गडद लाल होते. वेव्हमेकरमुळे पाणी सर्वत्र सारखेच गरम होते, म्हणजे फरक होता तो फक्त प्रकाशाचा. केवळ उष्णतेनेच हे झाले असते तर सावलीतले तुकडेही फिके पडले असते. केवळ प्रकाशाने झाले असते तर माथ्यावरचे मशरूम फेब्रुवारीतच, नवे दिवे लागल्याबरोबर, त्रासायला हवे होते, आणि समुद्रफुलाचा रंग तर दिवे वाढवण्याआधीच उतरू लागला होता. समुद्रफूल आपण होऊन सावलीत गेले, ही साक्षही त्याच दिशेची होती.

उष्णता आणि प्रकाश एकत्र का मारतात

मऊ प्रवाळ, मशरूम आणि समुद्रफूल यांच्या ऊतींत सिम्बायोडिनिएसी कुळातील एकपेशीय शैवाल राहते आणि ते यजमानाला आपल्या प्रकाशसंश्लेषणातून अन्न पुरवते. प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेची मोडतोड रोजच होत असते आणि रोजच ती दुरुस्त होत असते. पाणी सोसवण्यापलीकडे तापले की ही दुरुस्ती मंदावते, पण वरून येणारा प्रकाश थांबत नाही. पकडलेली ऊर्जा साखर बनवण्याकडे वळू शकत नाही, तेव्हा तिच्यातून ऑक्सिजनची क्रियाशील, पेशींना इजा करणारी रूपे तयार होतात. यजमान प्राणी मग ते शैवाल बाहेर टाकतो आणि त्याच्याबरोबर रंगही जातो. यालाच विरंजन म्हणतात. अशा अवस्थेत वाढवलेला प्रकाश त्या बिघडलेल्या यंत्रणेवरचा भार वाढवतो.

समुद्रात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडते. एखाद्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंशाने जास्त राहिले आणि ही स्थिती काही आठवडे टिकली, की विरंजनाचा धोका सुरू होतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ साली हे सोसले आहे. १९९८ साली फ्रेंच पॉलिनेशियातील सोसायटी बेटांभोवतीचे पाणी तापूनही तेथे अपेक्षेइतके विरंजन झाले नाही, आणि त्याचे श्रेय अभ्यासकांनी त्या काळातील ढगाळ आकाशाला दिले. घरातल्या टाकीचे ढग आपल्या हातात असतात. पाणी थंड करायला दिवस लागतात, पैसे लागतात, यंत्रे लागतात. दिवे मंद करायला काहीच लागत नाही, आणि तरीही हा उपाय बहुतेकांना सर्वांत शेवटी सुचतो याचे मला वाईट वाटते.

उपाययोजना

म्हणून पहिल्याच दिवशी दिवे ४० टक्क्यांवर आणि सात तासांवर आणले. प्रकाश वाढवताना आठवड्याला पाच-दहा टक्क्यांची सावधगिरी पाळावी लागते, पण कमी करताना तशी घाई अंगावर येत नाही. हीटर त्याच वेळी काढून ठेवला.

बर्फाच्या बाटल्या थांबवल्या, आणि यावर बाईंचा आक्षेप होता. त्यांचे म्हणणे होते की निदान त्या वेळेपुरते तरी पाणी उतरते. गणित असे आहे की, एक किलो बर्फ वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत अडीचशे लिटर पाण्यातून जेमतेम ०.४४ अंश काढतो. दोन लिटरची बाटली एक अंशही उतरवत नाही, आणि ती रिटर्न पंपाजवळ सोडली तर तेवढा उतार अर्ध्या-पाऊण तासात होऊन पुढच्या काही तासांत भरूनही निघतो. तीन अंशांचा रोजचा चढ तसाच राहतो आणि त्यावर आणखी एक छोटा हिसका बसतो. वीज गेलेली असताना, दुसरे काहीच हाताशी नसताना बर्फ जरूर वापरावा. नित्याचा उपाय म्हणून तो चालत नाही.

मुख्य उपाय होता तो पाण्याला मोकळी हवा देण्याचा. काचेच्या पट्ट्या काढून तिथे बारीक नायलॉन जाळी बसवली, कारण गोबी उडी मारणारा मासा आहे आणि उघडी टाकी त्याच्या जिवावर बेतते. लाकडी झाकणाची मागची फळी काढली आणि संगणकात वापरतात तसे १२ व्होल्टचे दोन पंखे पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर वारा लागेल असे लावले. ते एका नियंत्रकाला जोडले, जो पाणी २६.५ अंशांवर गेले की त्यांना चालू करतो आणि २६ वर आले की बंद करतो. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना आपल्याबरोबर सुमारे २४४० किलोज्यूल उष्णता नेते. बाहेरून काहीच उष्णता येत नसती तर एवढ्याने या टाकीचे तापमान २.४ अंशांनी उतरले असते. पट्ट्या असताना दिवसाला लिटरभर पाणी उडत होते, आता पाच लिटर उडू लागले. म्हणजे सरासरी १४० वॉटची थंडाई, आणि त्यासाठी पंख्यांचा खर्च पाच-सहा वॉट. दुपारी खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवण्याचे ठरले, कारण टाकीवरची दमट हवा घराबाहेर गेली नाही तर काही तासांत हा लाभ घटतो.

पाच लिटरचे बाष्पीभवन फुकट मिळत नाही. मीठ मागेच राहते, त्यामुळे पाणी भरले नाही तर एका दिवसात क्षारता दर हजारी ३५ वरून ३५.७ होते आणि आठवड्यात प्राण्यांना बाधेल इतकी चढते. त्यासाठी तरंगत्या खटक्यावर चालणारी स्वयंचलित टॉप-अप व्यवस्था आणि २५ लिटरची साठवण टाकी घेतली. हे पाणी गोडे आणि आरओचेच हवे, खारे नव्हे. उन्हाळ्यात इमारतीला टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते, त्यातले विरघळलेले क्षार जास्त असतात आणि आरओची पटल लवकर थकते. म्हणून साठवणीच्या पाण्याचा टीडीएस दर आठवड्याला पाहण्याची सवय बाईंनी लावून घेतली. शेवटी ५५ वॉटचा रिटर्न पंप बदलून २५ वॉटचा डीसी पंप बसवला. तीस वॉट ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण ते चोवीस तास पाण्यातच खर्च होतात.

वीज जाण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागला, कारण पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणे नवीन नाही. अशा वेळी मासे उष्णतेच्या आधी प्राणवायूच्या अभावाने दगावतात. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना सुमारे ६.२, आणि नेमक्या त्याच वेळी सर्व प्राण्यांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. घरात इन्व्हर्टर होताच. त्यावर टाकीचे फक्त डीसी पंप, एक वेव्हमेकर आणि पंखे घेतले. हा सारा भार चाळीसेक वॉटचा आहे आणि दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यावर रात्र सहज काढते. दिवे आणि स्किमर त्यावर घेतले नाहीत.

दिव्यांच्या वेळेचा वाद

सर्वांत अवघड निर्णय तांत्रिक नव्हताच. पाणी रात्री आठ-नऊला सर्वांत गरम असते आणि दिवे सकाळी दहा ते रात्री दहा या काळात लागलेले असत, म्हणजे उष्णतेचा आणि प्रकाशाचा कळस जवळजवळ एकाच वेळी येत होता. मी सुचवले की, मुख्य प्रकाश सकाळी सहा ते दुपारी एक असा द्यावा. त्या वेळी पाणी थंड असते आणि दिव्यांची उष्णताही थंड खोलीत जाते. बाईंच्या यजमानांना हे पटेना. "दिवसभर आम्ही बाहेर. संध्याकाळी घरी येऊन अंधारी टाकी बघायची का?" हा त्यांचा प्रश्न मला रास्तच वाटला. टाकी माणसांनी पाहण्यासाठीच ठेवलेली असते, आणि पाहिली जात नाही ती टाकी हळूहळू दुर्लक्षितही होते.

तोडगा असा निघाला की, मे आणि जूनपुरता मुख्य प्रकाश सकाळचाच राहील, आणि संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ फक्त निळ्या दिव्यांचा तीन-चार टक्के प्रकाश असेल. मीटर माथ्यावर १० च्या आत दाखवत होता. इतक्या प्रकाशात झोअँथिडचे रंग उजळून दिसतात, कुटुंबाला टाकी पाहता येते, आणि रोजच्या मात्रेत नगण्य भर पडते. वेळ एकदम न बदलता दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या-पाऊण तासाने मागे सरकवली.

परिणाम

पाणी उतरवताना दिवसाला एक अंशाहून अधिक फरक पडू दिला नाही. दहाएक दिवसांत पहाटेचा आकडा २६.४ आणि रात्रीचा २८.२ वर स्थिरावला, म्हणजे रोजची चढउतार ३.४ वरून १.८ अंशांवर आली. टॉडस्टूलने मेणचट पापुद्रा टाकला आणि मग तो पूर्ण फुलला. मधल्या पायरीवरचे मशरूम महिन्याभरात सावरले. झेनिया मात्र विरघळून गेला, आणि माथ्यावरची झोअँथिडची एक वसाहतही वाचली नाही.

समुद्रफुलाला सर्वाधिक वेळ लागला. पांढरे झालेले समुद्रफूल मेलेले नसते, पण घरचे अन्न तुटलेले असते, त्यामुळे त्याला आठवड्यातून दोनदा कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा भरवला. मोठा तुकडा दिला तर अशक्त समुद्रफूल तो पचवू न शकता उलटून टाकते आणि पाणी नासते. रंग आधी मुखाभोवती परतला, मग भुजांच्या बुडाशी, आणि जुलैच्या मध्यापर्यंत ते पुन्हा कपारीबाहेर आले. त्यानंतरच दिव्यांची तीव्रता आठवड्याला पाच टक्के या गतीने वाढवायला सुरुवात केली, आणि माथ्यावर १५० पार मिळू लागल्यावर वाढ थांबवली.

मान्सूनपूर्व दिवसांत एक अडचण आली, आणि तिनेच या व्यवस्थेची मर्यादा दाखवली. एप्रिलच्या कोरड्या दुपारी, ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना, ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २१ अंश दाखवतो. वाऱ्याने पाणी किती थंड होऊ शकेल याची ती खालची सीमा असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आकाश भरून आले, पाऊस पडला नाही, खोलीत ३२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता होती. तेव्हा ही सीमा २५-२६ अंशांपर्यंत चढली, पंखे अखंड चालूनही बाष्पीभवन निम्म्यावर आले आणि पाणी २८.९ वर गेले. बाईंनी त्या दिवसांत दिवे २५ टक्क्यांवर आणले आणि पाणी उतरवण्यासाठी दुसरे काहीही केले नाही. कोणत्याही प्राण्याने रंग सोडला नाही. माझ्या मते साऱ्या उन्हाळ्यातला हा त्यांचा सर्वांत चांगला निर्णय होता.

चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, प्रश्न पुण्यापुरता निकालात निघाला असे आम्ही मानले होते, पण आता या कुटुंबाची बदली ठाण्याला होत आहे. मे महिन्यात खाडीजवळच्या भागात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असते आणि तेव्हा ओल्या फडक्याचे तापमान २८ च्या वर जाते. तिथे हेच पंखे कितीही फिरवले तरी पाणी २८ च्या खाली आणू शकणार नाहीत. नव्या घरासाठी केलेला हिशेब असा आहे: पंपांचे ६५ वॉट, दिव्यांमधून पाण्यात उतरणारे पन्नास-साठ वॉट, आणि खोली पाण्यापेक्षा पाच अंशांनी गरम असताना काचेतून येणारे चाळीसेक वॉट, शिवाय वरच्या पृष्ठभागावरून येणारी थोडी उष्णता. ही एकूण बेरीज पावणेदोनशे ते दोनशे वॉट होते, म्हणून किमान ३०० वॉट उष्णता काढू शकणारा चिलर घ्यावा. पाटीवरचा अश्वशक्तीचा किंवा विजेच्या वापराचा आकडा पाहून तो निवडू नये, थंड करण्याची क्षमता वेगळी लिहिलेली असते ती पाहावी. चिलर पाण्यातून काढलेली उष्णता आणि स्वतः वापरलेली वीज, दोन्ही खोलीतच सोडतो, त्यामुळे तो टाकीखालच्या बंद कपाटात ठेवला तर स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो. नव्या घरात टाकीची जागा बाल्कनीला लागून असलेल्या भिंतीशी ठरवली आहे, म्हणजे चिलर सावलीतल्या बाल्कनीत ठेवून नळ्या भिंतीतून आत घेता येतील. दिवे तिथेही पहिला महिना ४० टक्क्यांवरच राहतील.